पेढीचे नाव आणि माणसाचे नाव : असामान्य क्षमतेच्या अमेरिकी व्हिसाविषयी

व्यापारी कुटुंबांच्या दिवाणखान्यांत अलीकडे 'ओ-वन' हा नवा शब्द ऐकू येऊ लागला आहे. 'एच-वन' सर्वांच्या परिचयाचा. कोणाचा पुतण्या, कोणाची भाची, कोणाचा जावई त्या वाटेने अमेरिकेत गेलेला असतोच. परंतु त्या वाटेवर आता मोठा जकातनाका उभा राहिला आहे. अमेरिकेबाहेर असलेल्या कर्मचाऱ्यासाठी नवी एच-१बी याचिका दाखल करणाऱ्या कंपनीने १ लाख डॉलर भरावेत, असा अध्यक्षीय आदेश २१ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यापूर्वीही ती वाट सोपी नव्हतीच. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेतील विद्यापीठांतून उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० एवढीच संख्या, मागणी त्याहून कितीतरी अधिक, म्हणून सोडत. रात्रंदिवस अभ्यास करून शिकलेल्या मुलाचे भवितव्य अखेर चिठ्ठीवर ठरावे, याचे शल्य अनेक घरांनी अनुभवले आहे.

ओ-१ या प्रकाराला संख्येची मर्यादा नाही, सोडत नाही, आणि वरील आदेशही त्याला लागू नाही. साहजिकच सल्लागारांच्या जाहिरातींतून 'एच-१बी मिळत नसेल तर ओ-१ घ्या' असा सूर निघू लागला आहे. दुकानात एक कापड संपले म्हणून दुसरे दाखवावे, तसा हा सूर आहे आणि तो दिशाभूल करणारा आहे. एच-१बी हा पदवी आणि त्या पदवीला साजेसे काम असलेल्यांसाठीचा व्हिसा. ओ-१ हा आपल्या क्षेत्रात असामान्य क्षमता सिद्ध केलेल्यांसाठीचा. पहिल्यात पदवीचा कागद पुरतो. दुसऱ्यात गेल्या अनेक वर्षांच्या कर्तृत्वाची कीर्द आणि खतावणी मांडून दाखवावी लागते. व्यापारी घरांची खरी अडचण येथेच सुरू होते. ज्यांच्या घरी पैशाची नोंद पैपर्यंत बिनचूक असते, त्यांच्या घरी माणसाच्या कामाची नोंद बहुधा कोठेच नसते.

कायदा काय मागतो

अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतर कायद्यात 'विशेष गुणवत्ता आणि क्षमता' असलेल्या परदेशी व्यक्तींसाठी एच-१ नावाचा एकच मोठा गट होता. १९९० च्या कायद्याने त्याची विभागणी केली. विशेष शिक्षणाची गरज असलेल्या व्यवसायांसाठी एच-१बी राहिला आणि खरोखर शिखरावर असलेल्यांसाठी ओ हा वेगळा वर्ग निर्माण झाला. त्यातील ओ-१ए हा विज्ञान, शिक्षण, व्यापार-उद्योग आणि क्रीडा या क्षेत्रांसाठी आहे. ओ-१बी हा कलांसाठी आणि चित्रपट-दूरचित्रवाणीसाठी.

या दोहोंची कसोटी एकसारखी नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ओ-१ए साठी ती व्यक्ती आपल्या क्षेत्राच्या अगदी वरच्या टोकाला पोचलेल्या मोजक्या लोकांपैकी एक असावी लागते. कलेच्या क्षेत्रात मात्र 'नामवंत, आघाडीची अथवा सुपरिचित' एवढी ख्याती पुरते. कलेची व्याख्याही उदार आहे. चित्र, संगीत, नृत्य यांच्याबरोबर निर्मितीक्षम रचना करणारे अनेक व्यवसाय तीत बसू शकतात. झवेरी बाजारातील घराण्यातील एखादी कन्या दागिन्यांची रचनाकार असेल, तर तिने हिऱ्यांच्या व्यापारातील तज्ज्ञ म्हणून ओ-१ए मागावा की रचनाकार म्हणून ओ-१बी, हा प्रश्न सुरुवातीलाच सोडवावा लागतो. घरात दोन्ही कामे एकाच गादीवर बसून चालतात, म्हणून हा फरक आपल्याला किरकोळ वाटतो. अमेरिकेच्या स्थलांतर विभागाला तो तसा वाटत नाही.

ओ-१ए मध्ये व्यापार-उद्योगाचा स्पष्ट उल्लेख आहे, ही व्यापारी कुटुंबांना आकर्षित करणारी गोष्ट. 'आमची पेढी ऐंशी वर्षांची, उलाढाल एवढ्या कोटींची, गावात आमच्या शब्दाला किंमत. मग असामान्य कोण?' असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु व्हिसा पेढीला दिला जात नाही, तो एका व्यक्तीला दिला जातो. पेढीची प्रतिष्ठा ही त्या व्यक्तीच्या कर्तृत्वाची केवळ पार्श्वभूमी ठरते.

एकत्र कुटुंबातील हरवलेले नाव

समजा, सांगलीच्या हळदीच्या एका पेढीतील तिसऱ्या पिढीच्या तरुणाने मालाची प्रत ठरवण्याची नवी पद्धत बसवली. प्रयोगशाळेतील तपासणी, साठवणुकीतील बदल आणि परदेशी खरेदीदारांशी थेट करार, असे सारे त्याने पाच वर्षांत उभे केले. निर्यात वाढली, आसपासच्या चार पेढ्यांनी तीच पद्धत उचलली. हे काम खरोखर उल्लेखनीय आहे. पण कागद काय सांगतात? निर्यातीची सारी पत्रे पेढीच्या नावे. व्यापारी संघाने दिलेले मानचिन्ह आजोबांच्या हाती. बँकेत सही काकांची. तरुणाला पगार नाही. घरखर्चाला लागेल तशी उचल, आणि वर्षअखेरीस हिंदू अविभक्त कुटुंबाच्या हिशेबात त्याचा वाटा. नव्या पद्धतीचा आराखडा त्याने केला, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक आहे. मात्र त्याच्या नावाने लिहिलेले एक पानही नाही.

यात कोणाचा दोष नाही. एकत्र कुटुंबाची रीतच अशी की, करणाऱ्याने नाव मागू नये आणि मोठ्यांनी सर्वांचे श्रेय पेढीच्या पाटीखाली ठेवावे. या रीतीनेच पेढ्या टिकल्या. आत्मप्रशंसा हा दोष मानणाऱ्या संस्कारांत वाढलेल्या मुलाला स्वतःच्या कामाचा दाखला मागणेही अवघड वाटते. पण ज्याला या मार्गाने जायचे आहे त्याच्यासाठी ही रीत अडथळा ठरते, आणि तो अडथळा अर्ज भरण्याच्या महिन्यात दूर होत नाही. त्यासाठी काही वर्षे आधीपासून नोंदी ठेवाव्या लागतात. जबाबदारी लिहून दिलेले नियुक्तिपत्र, नियमित पगार, मंडळाच्या बैठकीच्या इतिवृत्तातील उल्लेख, स्वतःच्या नावाने झालेला पत्रव्यवहार, पद्धत स्वीकारणाऱ्या अन्य पेढ्यांची पत्रे असे साधे कागद त्या वेळी मोलाचे ठरतात.

आठ कसोट्या

नोबेलसारखा एखादा मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळालेला असेल तर ओ-१ए साठी तेवढाच पुरावा पुरेसा मानला जातो. इतर सर्वांनी आठ कसोट्यांपैकी किमान तीन पूर्ण कराव्यात, असे नियम सांगतो. राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मान्यतेचे पुरस्कार, असाधारण कामगिरी पाहूनच सभासदत्व देणाऱ्या संस्थांचे सदस्यत्व, व्यावसायिक नियतकालिकांत किंवा प्रमुख माध्यमांत त्या व्यक्तीविषयी आलेले लेखन, इतरांच्या कामाचे परीक्षण, क्षेत्रावर मोठा प्रभाव पाडणारे मूळ योगदान, विद्वत्तापूर्ण लेख, नामांकित संस्थेतील निर्णायक भूमिका, आणि उच्च वेतन, अशा त्या कसोट्या. ओ-१बी च्या कलाशाखेत अशाच धर्तीवर सहा कसोट्या असून त्यांतील तीन लागतात. तेथे नावाजलेल्या कार्यक्रमांतील प्रमुख भूमिका, समीक्षा आणि व्यावसायिक यश यांना अधिक महत्त्व आहे.

तीन खुणा जुळल्या की काम झाले, असे मात्र नाही. तीन कसोट्या हा उंबरठा आहे. तो ओलांडल्यावर अधिकारी सर्व पुरावा एकत्र ठेवून पाहतो आणि मग ही व्यक्ती खरोखर शिखरावरील मोजक्यांत बसते का, हे ठरवतो.

पुरस्कारांविषयी थोडे परखड बोलले पाहिजे. समाजभूषण, युवारत्न, उद्योगश्री अशा सन्मानांचा कप्पा प्रत्येक घरात असतो. त्यांचे मोल समाजात आहेच. परंतु ते क्षेत्रातील श्रेष्ठतेसाठी आणि राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धेतून दिले गेलेले नसतात. वडिलांच्या देणगीच्या वर्षी मुलाला मिळालेले मानपत्र तर याचिकेबाहेर ठेवणेच शहाणपणाचे. सदस्यत्वाचेही तसेच. वर्गणी भरून मिळणारे व्यापारी संघाचे सभासदत्व येथे गणले जात नाही. समाजाच्या मासिकात (होय, याही मासिकात) छापून आलेली अभिनंदनाची चौकट हे 'प्रमुख माध्यम' नव्हे. मोठ्या खपाच्या मराठी दैनिकातील सविस्तर लेख मात्र चालू शकतो. त्यावर शीर्षक, दिनांक आणि लेखकाचे नाव असले पाहिजे, दैनिकाच्या खपाचा पुरावा जोडला पाहिजे आणि संपूर्ण इंग्रजी भाषांतर दिले पाहिजे. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे व आपण ते करण्यास समर्थ आहोत, असे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यावे लागते.

परीक्षणाची कसोटी व्यापारी घरांतील तरुणांना तुलनेने जवळची आहे, पण तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रकल्पस्पर्धेचे परीक्षण, संशोधन नियतकालिकासाठी निबंधांचे मूल्यमापन, दागिने-रचनेच्या राष्ट्रीय स्पर्धेतील निवड समिती, ही कामे अनेक जण करतात आणि विसरतात. निमंत्रणाचे पत्र आणि काम प्रत्यक्ष केल्याचा पुरावा दोन्ही जपून ठेवले पाहिजेत. नुसते निमंत्रण पुरत नाही. वेतनाच्या कसोटीत मागील पगाराबरोबरच अमेरिकेत मिळणार असलेला पगारही धरता येतो, मात्र करार हवा आणि त्याच क्षेत्रातील इतरांच्या वेतनाशी तुलना दाखवता आली पाहिजे.

सर्वांत जड कसोटी मूळ योगदानाची. संगणक अभियंत्याने लिहिलेली प्रणाली त्याच्या कंपनीला उपयोगी पडली, एवढ्याने भागत नाही. कंपनीच्या भिंतीबाहेर तिचा काय परिणाम झाला हे दिसले पाहिजे. दुसऱ्यांनी ती वापरली का, तिचा संदर्भ घेतला का, तिच्यावर पेटंट असेल तर ते प्रत्यक्ष कोणी वापरात आणले का? कृत्रिम बुद्धिमत्ता, औषधनिर्मिती, वैद्यक या क्षेत्रांतील तरुण या ठिकाणी पुढे असतात, कारण त्यांच्या कामाचे संदर्भ मोजता येतात. व्यापारातील तरुणाला तोच परिणाम करारांतून, स्वीकृतीच्या पत्रांतून आणि आकड्यांतून उभा करावा लागतो.

दुसऱ्याच्या शब्दाची पत

बाजारात पत स्वतःच्या बोलण्याने निर्माण होत नाही. ओ-१ च्या याचिकेतही अर्जदाराला स्वतःचे गुणगान करावे लागत नाही. ते काम तज्ज्ञांच्या पत्रांनी करायचे असते. चांगले पत्र कसे ओळखावे? 'अत्यंत हुशार, कष्टाळू आणि विनम्र' अशी विशेषणांची माळ असेल तर ते विवाहाच्या परिचयपत्रासाठी ठीक. उपयोगी पत्रात लिहिणारा कोण आहे, तो या व्यक्तीला किंवा तिच्या कामाला कसा ओळखतो, तिने नेमके काय केले, त्यापूर्वी क्षेत्रात काय स्थिती होती आणि नंतर काय बदलले, हे सांगितलेले असते. जवळून काम पाहिलेल्यांची काही पत्रे आणि कधीही एकत्र काम न केलेल्या, केवळ कामामुळे ओळखणाऱ्यांची काही पत्रे, असा मेळ प्रभावी ठरतो. नातेवाईक कितीही मोठा उद्योगपती असला तरी त्याचे पत्र वजन वाढवण्याऐवजी घटवते. आणि पत्रातील प्रत्येक विधानामागे कागद असला पाहिजे. निव्वळ पत्रांच्या आधारावर उभी केलेली याचिका सहसा कोसळते.

या मागणीमुळे एक बाजार उभा राहिला आहे, त्याकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. ठरावीक रक्कम भरली की भारदस्त इंग्रजी नावाचा पुरस्कार मिळतो. पैसे घेऊन कोणताही निबंध छापणारी नियतकालिके आहेत. दुसऱ्याने लिहिलेल्या निबंधावर आपले नाव घालून देणारे आहेत, परीक्षकपद विकणारे आहेत, तज्ज्ञांची पत्रे साच्यातून काढून देणारे आहेत. 'सगळेच असे करतात' हे त्यांचे आवडते वाक्य. एकाच साच्यातील पाच पत्रे अधिकाऱ्याच्या टेबलावर आली की त्यांची भाषाच बोलू लागते, हे त्यांच्या ग्राहकांना कोणी सांगत नाही.

अशा कागदाचा खर्च पुरस्काराच्या शुल्काएवढाच नसतो. महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे ठरले, तर अमेरिकेचा कायदा त्या व्यक्तीला प्रवेशासाठी अपात्र ठरवतो, आणि या अपात्रतेला पाच किंवा दहा वर्षांची मुदत नाही. ती आयुष्यभराची आहे. विशेष सवलत मागता येते, पण ती प्रत्येक वेळी नव्याने आणि अधिकाऱ्यांच्या इच्छेवर. हिरे-दागिन्यांच्या व्यापारातील तरुणाला लास व्हेगासच्या जेसीके प्रदर्शनाला किंवा टक्सनच्या रत्नबाजाराला जायचे असेल, तर त्याला लागणारा साधा व्यापारी भेटीचा व्हिसाही त्याच नोंदीपाशी अडतो. एका विकतच्या सन्मानचिन्हापायी पेढीची अमेरिकेतील ये-जा पणाला लावण्यासारखे हे आहे. 'मला ठाऊक नव्हते, सल्लागाराने जोडले' हा बचाव अवघड, कारण व्हिसाच्या अर्जातील माहिती खरी असल्याचे अर्जदार स्वतः प्रमाणित करतो.

भारतातून अर्ज कसा होतो

ओ-१ साठी अर्जदार स्वतः याचिका करू शकत नाही. ती अमेरिकेतील कंपनीने, संस्थेने किंवा एजंटने स्थलांतर विभागाकडे आय-१२९ या नमुन्यात करायची असते. भारतातील पेढीलाही ती थेट करता येत नाही. अमेरिकेतील एजंटमार्फत करता येते. अनेक ग्राहकांसाठी काम करणाऱ्या रचनाकारांना किंवा कलावंतांना एजंटची सोय विशेष उपयोगी पडते. उद्योजकांसाठी जानेवारी २०२५ मध्ये एक गोष्ट स्पष्ट झाली : अर्जदाराच्या मालकीची, पण कायद्याने स्वतंत्र असलेली कंपनी त्याच्यासाठी याचिका करू शकते. अर्थात त्या कंपनीकडे खरे काम असावे लागते.

येथे एक वळण सुचवणे आवश्यक आहे. पेढीची अमेरिकेत शाखा असेल आणि तरुणाने गेल्या तीन वर्षांत किमान एक वर्ष सलग भारतातील पेढीत व्यवस्थापकीय किंवा विशेष ज्ञानाचे काम केले असेल, तर त्याच्यासाठी एल-१ हा व्हिसा अधिक सरळ आहे. त्यात असामान्य क्षमता सिद्ध करावी लागत नाही. ई-१ आणि ई-२ या व्यापारी व गुंतवणूकदारांच्या व्हिसांची नावेही कानावर येतात. ते अमेरिकेशी तसा करार असलेल्या देशांच्या नागरिकांनाच मिळतात आणि भारताशी असा करार नाही.

याचिकेसोबत पुराव्याखेरीज कामाचा करार, काय काम कधी करायचे याचा तपशील आणि त्या क्षेत्रातील समव्यावसायिकांच्या संस्थेचे मत जोडावे लागते. काम सुरू होण्याच्या जास्तीत जास्त एक वर्ष आधी ती दाखल करता येते. सर्वसाधारण रांगेत निर्णयाला काही महिने लागू शकतात. जादा शुल्क भरल्यास १५ कामकाजी दिवसांत विभाग उत्तर देतो. हे उत्तर मंजुरीच असेल असे नाही. अनेकदा अधिक पुराव्याची मागणी येते. ती नकार नव्हे, पण तिला उत्तर एकदाच आणि मुदतीत देता येते. थोडे आज, थोडे उद्या अशी सवलत नाही.

याचिका मंजूर झाली म्हणजे व्हिसा मिळाला नाही. त्यानंतर अर्जदाराने स्वतः डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज भरून, शुल्क देऊन, बोटांचे ठसे आणि मुलाखत यांच्या वेळा घ्यायच्या असतात. मुंबईतील मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासात होते. हिरे व्यापाऱ्यांना हा परिसर नवा नाही, भारत डायमंड बोर्स तेथेच आहे. पूर्वी मुंबईत लवकर वेळ मिळत नसे तेव्हा काही जण दुबई, बँकॉक किंवा सिंगापूर गाठत. सप्टेंबर २०२५ पासून अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करावा, असा दंडक आला आहे. त्यामुळे वेळेचे गणित मुंबईतील रांग धरूनच मांडावे लागते.

मुलाखतीला जाताना घरातील वडीलधारी मंडळी मुलाच्या हाती घराचा सातबारा, मुदतठेवींच्या पावत्या आणि सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र देतात. पर्यटक व्हिसाच्या अनुभवातून आलेली ही सवय आहे. ओ-१ साठी 'मी परत येईन' हे स्थावर मालमत्तेने सिद्ध करण्याची अट नाही, आणि पुढे ग्रीन कार्डसाठी अर्ज केलेला असणे हेही नकाराचे कारण होत नाही. अधिकाऱ्याला साध्या गोष्टी हव्या असतात : काय काम करता, कोणासाठी करणार, त्यात तुमचे वेगळेपण काय. शेकडो पानांची याचिका दुसऱ्याने लिहिलेली असते. तिच्यातील आपले काम चार सोप्या वाक्यांत सांगता न येणारा अर्जदार संशय ओढवून घेतो.

व्हिसाचा शिक्का हा विमानतळापर्यंतचा परवाना. तेथील अधिकारी प्रवेश देतो आणि राहण्याची अंतिम तारीख आय-९४ या नोंदीत येते. व्हिसाच्या शिक्क्यावरील तारीख आणि ही तारीख वेगळ्या असू शकतात. पाळायची ती आय-९४ वरची. प्रथम जास्तीत जास्त तीन वर्षे मिळतात आणि त्याच कामासाठी पुढे एकेक वर्षाची वाढ मागता येते. वाढीच्या संख्येला मर्यादा नाही. तरीही हे ग्रीन कार्ड नव्हे. 'असामान्य क्षमता' हेच शब्द वापरणारा कायम वास्तव्याचा ईबी-१ए हा वर्ग निराळा आहे. त्यात स्वतः याचिका करता येते, पण भारतात जन्मलेल्यांना तेथेही रांग आहे.

नोकरी मध्येच सुटली तर? सामान्यतः ६० दिवसांपर्यंत, अथवा मुदत त्याआधी संपत असल्यास तेवढ्याच काळापर्यंत, दुसरी याचिका दाखल करण्याची किंवा परतण्याची उसंत मिळते. कर्मचाऱ्याने स्वतः राजीनामा दिलेला नसेल, तर त्याच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीने आणि याचिकाकर्त्याने द्यावा, अशी नियमात तरतूद आहे. ती मागणारे थोडे, कारण माहीत असणारेच थोडे.

घरातील दुसरे माणूस

ब्रिटनची रीत अमेरिकेहून वेगळी आहे. तेथे २०११ पासून असाधारण प्रतिभेसाठी असलेल्या व्हिसाची जागा फेब्रुवारी २०२० मध्ये ग्लोबल टॅलेंट व्हिसाने घेतली. त्यासाठी नोकरी देणारी कंपनी लागत नाही. सामान्यतः रॉयल सोसायटी, ब्रिटिश अकादमी, रॉयल अकादमी ऑफ इंजिनिअरिंग, आर्ट्स कौन्सिल इंग्लंड अशा संस्थांपैकी आपल्या क्षेत्रातील संस्थेचे समर्थन आधी मिळवायचे आणि ते मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत व्हिसाचा अर्ज करायचा. व्यापारी तरुणाला मात्र येथे जागा कमी आहे. विज्ञान, विद्या, कला आणि डिजिटल तंत्रज्ञान ही त्याची क्षेत्रे, निव्वळ व्यापार नव्हे. मात्र एका बाबतीत हा व्हिसा ओ-१ पेक्षा उजवा ठरतो : सोबत जाणाऱ्या पतीला किंवा पत्नीला तेथे काम करता येते.

ओ-१ धारकाचा जोडीदार आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले यांना ओ-३ मिळतो. त्यावर शिक्षण घेता येते, काम करता येत नाही. एच-१बी धारकाच्या जोडीदाराला निदान ग्रीन कार्डची प्रक्रिया विशिष्ट टप्प्यावर पोचल्यावर कामाचा परवाना मागता येतो. ओ-३ वर तीही वाट नाही. आज आपल्या समाजातील मुली सनदी लेखापाल आहेत, दंतवैद्य आहेत, पेढीचा ऑनलाइन व्यापार एकहाती सांभाळणाऱ्या आहेत. विवाहाच्या परिचयपत्रात 'अमेरिका, ओ-१' असे छापलेले असते तेव्हा मुलाच्या असामान्यतेची चर्चा होते, मुलीच्या पुढील तीन-चार वर्षांची होत नाही. तिला स्वतंत्र नोकरी आणि तिच्या नावाने दाखल झालेली याचिका असेल, तर ती स्वतःच्या व्हिसावर काम करू शकते. अन्यथा विद्यापीठात प्रवेश घेणे हा पर्याय उरतो, आणि त्याचा खर्च कोण करणार हे दोन्ही घरांनी साखरपुड्याआधी बोलून घेतलेले बरे. पतीची मुदत एक वर्षाने वाढली की तिच्या मुदतीसाठीही स्वतंत्र अर्ज करावा लागतो, आणि मुलाला २१ वर्षे पूर्ण झाली की त्याचा ओ-३ संपतो.